तुडुमाजवळचे शिंपले

तुमच्या गावच्या तलावातला गाळ निघाला तेव्हा त्यात जिवंत काय होतं, हे ट्रॉलीत डोकावून तुम्ही कधी पाहिलं का? मशीन आलं, नारळ फुटला, फोटो निघाले, गाळ शेतात पडला, हे सगळं तुम्ही पाहिलं असेल. मी गाळाच्या आतलं विचारते आहे.

मीसुद्धा आमच्या शेतात ट्रॉली रिकामी होईपर्यंत पाहिलं नव्हतं. पत्रक मात्र लिहून मोकळी झाले होते.

मी पत्रकांवर वाढले. दर ऑक्टोबरात बाबा नागपूरहून चळवळीच्या पातळ पुस्तिकांचे गठ्ठे आणायचे आणि गावागावांत सायकलवर फिरून वाटायचे. उरलेले गठ्ठे पलंगाखाली राहायचे. पलंगाखाली पोटावर पडून मी अक्षरं जुळवली. त्यामुळे मला लहानपणापासून एक सवय लागली: कुठे काही चुकतंय असं दिसलं की त्याचा मथळा आधी सुचतो. खरं बोलायचं, सरळ बोलायचं, ज्याच्या बाजूने बोलायचं त्याचं नाव घेऊन बोलायचं, हे बाबांनी शिकवलं. ते सोपं आहे असं मला या उन्हाळ्यापर्यंत वाटत होतं.

आमचं गाव मूल तालुक्यातलं, धानाचं. गावाला जुना मामा तलाव आहे, मालगुजारांच्या काळात बांधलेला. पाणी अडवणाऱ्या पाळीच्या एका टोकाला तुडूम आहे, म्हणजे शेतात पाणी सोडायचं तोंड. तलाव आटत आला की शेवटचं पाणी तुडुमाजवळच्या खोलगट कोपऱ्यात उरतं आणि तिथेच शिंपले असतात. मे महिन्यात आई आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणी ऊन चढायच्या आत टोपल्या घेऊन तिकडे जातात. लुगडं गुडघ्यावर खोचायचं आणि पायाने चाचपडत चालायचं. शिंपला चिखलात आडवा पडलेला नसतो, उभा रुतलेला असतो. वरच्या टोकाला दोन बारीक फटी असतात, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. पाय लागला की तो मिटतो आणि तळव्याला कडक धार लागते. आई तिथेच वाकते. काढलेला शिंपला तळहातावर ठेवून पाहते आणि लहान असला तर परत चिखलात खोचते, अगदी रोप लावावं तसा.

घरी ते गरम पाण्यात टाकले की तोंड उघडतात. आतलं मांस काढून, वाळू जाईपर्यंत चार पाण्यांनी धुऊन, कांदा, तिखट आणि कैरीची फोड घालून आई त्याची भाजी करते. ज्यांना आवडते त्यांना फार आवडते, मला रबर चावल्यासारखी लागते. पण शिंपल्यांशिवाय आमचं घर चालत नाही. दगडावर घासून पोटाला भोक पाडलेला शिंपला कैऱ्या सोलायला. कढईची खरवड काढायला दुसरा. फोडून चुरा केलेले कोंबड्यांपुढे, म्हणजे अंड्याचं कवच मऊ पडत नाही. मला ताप आला की आई शिंपल्यानेच पेज पाजायची. आतली बाजू गुळगुळीत, उजेडात निळी-गुलाबी चमकणारी, ओठाला थंड लागायची.

एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीने ठरवलं की तलावातला गाळ काढायचा. ज्याला हवा त्याने ट्रॉली लावावी. बाबांनी आमच्या धुऱ्याकडच्या बांधीसाठी, म्हणजे कडेच्या धानाच्या खाचरासाठी, नाव दिलं. तिथली माती पार थकलेली होती आणि त्यांना गाळ हवाच होता. मी तेव्हा चंद्रपूरहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते. तुडुमाचा कोपराही खोदणार असं ऐकलं आणि माझं डोकं तापलं. तो कोपरा गेला म्हणजे आईचा उन्हाळा गेला. कुणाची परवानगी न घेता, कुणाच्या बांधावर न राबता ती जे आणते, असं ते एकच.

रात्रीतून पत्रक तयार झालं. मथळा होता, ‘शिंपला: तलावाचा सफाई कामगार’. खाली लिहिलं की हा जीव दिवसभर पाणी गाळतो, शेवाळ आणि घाण खाऊन पाणी निवळ करतो, कुणाचं काही न घेता. मूलला झेरॉक्स काढल्या आणि पहिली प्रत शेजारच्या मावशीला दिली. मावशी ग्रामपंचायतीत झाडूकाम करते.

तिने अंगणात उभ्याउभ्याच वाचलं. मग म्हणाली, “सफाई कामगार होय? मंग याले पगार कोण देते वो?”

मी म्हटलं, “मावशी, ते तसं नाही, ते...”

“नाई, मी म्हणतो, माह्या दोन महिन्याचा अडकून आहे. याचाही अडकला असन. आनं तुह्या कामगाराले तुही माय शिजवून खाते, तिच्यावर काई लिवशीन का नाई?”

आई कुडाच्या पलीकडून हसत होती. मला राग आला. कामगाराला शिजवून खाणारे या बाजूचे की त्या? मी आईला विचारलं, “तुला तो कोपरा राहायला हवा ना?”

“पाह्यजे.”

“मग गाळ नको म्हण ना बाबांना.”

“काऊन? गाळही पाह्यजे. बांधी पाह्यली का तू? धान उभा राह्यत नाई तिच्यात.”

“दोन्ही कसं होईल?”

“थे तू शोध. तू शिकून राह्यली ना.”

म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या. दोन्हींत तलावाचं गढूळ पाणी. एकीत शिंपले घातले, दुसरी नुसती. संध्याकाळी सगळ्यांसमोर दाखवायचं होतं की शिंपल्यांची बरणी निवळली आणि दुसरी गढूळच राहिली. सकाळी मी पाणी भरलं आणि फडकं झाकून गेले.

संध्याकाळी बरीच माणसं जमली. मी फडकं काढलं. दोन्ही बरण्या सारख्याच निवळलेल्या होत्या. दोन्हींच्या तळाशी बोटभर चिखल. शिंपले त्यात तोंड मिटून पडले होते, दगडासारखे.

बाबा पुढे आले, चष्मा लावून वाकले. नुसत्या पाण्याच्या बरणीवर टिचकी मारून म्हणाले, “यात तं शिंपले नाईत. मंग हे कोणं साफ केलं?”

हशा पिकला. मावशी म्हणाली, “याचा कामगार सुट्टीवर आहे, भाऊ!”

माती आपोआपच बसते, हे मला माहीत असायला हवं होतं. शिंपला जे गाळतो ते न बसणारं असतं, पाण्यात तरंगणारं हिरवं, बारीक. हिरवं पाणी घ्यायला हवं होतं. हे मला नंतर कळलं, पण तेव्हा ओट्यावर मी बरण्या उचलत होते आणि बाबा मदतीला आले नाहीत. ते ट्रॉलीचा नंबर विचारायला गेले.

त्यानंतर मी कॉलेजचं प्राणिशास्त्राचं पुस्तक नीट उघडलं, आणि गोंधळ वाढला. शिंपल्याची मादी पिल्लं आपल्या कल्ल्यांतच वाढवते आणि मग पाण्यात सोडते. ती पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी असतात. जवळून मासा गेला की त्याच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिमटा घेऊन लटकतात, त्याच्या अंगावर पोसली जातात, मोठी होतात आणि दूर कुठे तरी गळून चिखलात पडतात. तिथून त्यांचं स्वतःचं आयुष्य सुरू होतं. मासा मिळाला नाही तर पिल्लू मरतं.

मी लिहिलं होतं, कुणाचं काही न घेता. आणि हा तर बाळपणी दुसऱ्याच्या रक्तावर जगतो! मी ते वाक्य पेनने खोडत बसले, एकेका प्रतीवर. मग वाटलं, खोडते कशाला? त्या पिल्लाने काय करायला हवं होतं? त्याला पाय नाही, पोहता येत नाही. मोठेपणी तो तेच पाणी गाळतो ज्यात मासा राहतो. देणं फिटतं का मग? शिंपल्याला फिटणं-बिटणं कळतं का? आणि मी एका जिवाकडून तत्त्वनिष्ठ असण्याची अपेक्षा का करते आहे, जे माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला पुरतं जमलेलं नाही? अर्ध्या प्रती खोडलेल्या आणि अर्ध्या तशाच राहिल्या. वाटल्या कुठल्याच नाहीत.

मशीन आलं. आधी तलावाचा कोरडा मधला भाग खणला, तिथला गाळ इतरांच्या शेतात गेला. मग ते पाळीकडे सरकलं आणि ओला काळा गाळ निघू लागला. त्यातली पहिली ट्रॉली आमच्या बांधीत पडली. बाबा खूश होते. फावड्याने ढीग पसरत ते म्हणाले, “पाह्य, लोण्यावाणी आहे.”

थोड्या वेळाने बगळे उतरले, कावळेही आले. आई भाकरी घेऊन येत होती, ती बांधावरच थांबली. मग डोक्यावरची टोपली खाली ठेवून चिखलात उतरली आणि हाताने ढीग चाळायला लागली. मी जवळ गेले. गाळात शिंपले होते, मिटलेले, ओले, जिवंत. हाताएवढे होते, बोटाएवढे होते, नखाएवढेही होते. काही फावड्याने फुटले होते आणि आतलं पांढरट मांस हलत होतं.

“मिळाले ना तुला आयतेच,” बाबा म्हणाले.

आई म्हणाली, “लायने काऊन आणले?”

“मशीन का पाहून उचलते काय?”

“मी तं पाहून उचलतो ना.” तिने नखाएवढे तीन-चार तळहातावर धरून त्यांच्यापुढे केले. “हे पुढच्या सालचे आहेत. हे गेले तं पुढच्या साली मी का नुसत्या चिखलाले पाय लावू?”

ती ओरडली नव्हती. बाबांनी फावडं टेकवलं. माझ्या पत्रकात शेवाळ होतं, घाण होती, कामगार होता, पण लहान शिंपला परत खोचणारा तिचा हात नव्हता. तो मी जन्मापासून पाहत आले होते.

आम्ही तिघांनी सापडले तेवढे वेचले. मोठे आईने भाकरीच्या टोपलीत टाकले, त्याबद्दल तिला कसलाच प्रश्न नव्हता. लहान घमेल्यात ठेवून, ओल्या फडक्याने झाकून आम्ही तलावावर गेलो. मशीन पाळीच्या सावलीत थांबलं होतं आणि चालवणारा दादा जेवत होता. मी सरळ सांगायला लागले की हा कोपरा का खोदू नये, पाणी, मासे, पिल्लं. त्याने घास गिळला.

“ताई, मले जितकं दाखवलं तितकं खोदतो. खुणा करून द्या, खुणेच्या अंदर बकेट टाकत नाई. पण सरपंचाले फोन करा पयले.”

एवढंच. त्याला कुणी खूणच दाखवली नव्हती. मीही नाही.

बाबांनी फोन लावला. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. ते शिंपल्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “भाऊ, तुडुमाजवळ लय खोल चाललं आहे. पाया उघडा पडला तं पावसात तुडूम उखडन. तेवढा कोपरा सोडाले सांगा.” पलीकडून लगेच हो आलं. कुणी हसलं नाही, कुणी बरणी मागितली नाही.

“तुम्ही खरं काऊन नाही सांगितलं?” मी विचारलं.

“तुडूम उखडते हे खोटं आहे का?”

“खोटं नाही. पण आपलं कारण ते नव्हतं.”

“हेही खरंच आहे ना, पोरी,” म्हणाले आणि घमेलं उचलून पाण्याकडे गेले.

ज्या माणसाने मला सरळ बोलायला शिकवलं त्याने माझ्यासमोर तिरकं खरं बोलून तो कोपरा वाचवला. मी भांडले असते, पण आई जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून देत होती आणि मला खुट्या ठोकायच्या होत्या. मावशीही आली. म्हणाली, “आता याले म्हणते कामगार वस्ती,” आणि दगडाने सगळ्यात पक्की खुटी तिनेच ठोकली.

लहान शिंपले आईने एकेक करून खोचले, फटीचं टोक वर ठेवून. त्यातले किती जगले, माहीत नाही. कोपरा तसा छोटाच आहे. आमच्या बांधीला ठरलेल्यापेक्षा कमी गाळ मिळाला आणि बाबा अधूनमधून तिकडे पाहून उसासा टाकतात. पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडतात तेव्हा शिंपल्यांच्या पिल्लांना त्या नव्या माशांचे कल्ले चालतात की जुनी मरळच लागते, हेही मला कुणी सांगू शकलेलं नाही. आम्ही जिंकलो का, ते ठरवायला मी बसले की प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. कारण चुकीचं दिलं, काम बरोबर झालं. की कारणही बरोबरच होतं?

ते सुटेपर्यंत थांबू नका. तुमच्या तलावात मशीन उतरायच्या आधी, पाणी आटत आलं की, एकदा सकाळी चपला काढून शेवटच्या पाण्यात उतरा. तळव्याला धार लागली तर तिथे खुटी ठोका, वर चिंधी बांधा आणि मशीन चालवणाऱ्याला ती बोटाने दाखवा. गाळ शेतात पडला की चाळा आणि लहान शिंपले त्याच दिवशी पाण्यात नेऊन खोचा, फटीचं टोक वर ठेवून. सरपंचाला कोणतं कारण सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही. खुटी मात्र आधी ठोका.