नानांनी केलेली तांजोंग पगारची तपासणी

किस्से कसे साठतात हे मला आजवर कळलेलं नाही. जेवताना कुणीतरी म्हणतं, "अरे, काल काय झालं माहितेय का?" आणि बघता बघता फ्रीजमधल्या उरल्यासुरल्या डब्यांसारखी गर्दी होते. टाकवत नाहीत, आणि कुठला कधीचा तेही आठवत नाही!

इथं परदेशात तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांमध्ये, दुपारी जेवणारे आम्ही तिघे. मी, शेजारच्या बँकेतला जोगळेकर, आणि चांगलं खायला हार्बरफ्रंटहून धावत येणारी इंजिनिअर सुनीता कांबळे. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आमचे सगळे डबे एकाच माणसानं भरले. जोगळेकरचे वडील, नाना!

नाना साताऱ्याकडच्या एका नगरपालिकेत ओव्हरसिअर होते. काकू गेल्यापासून एकटेच, चहा-बिस्किटांवर दिवस काढायचे. जोगळेकरनं त्यांना महिन्यासाठी बोलावून घेतलं. परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं. त्याआधी नानांनी "राहतो" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पण त्याचा फ्लॅट पडला ऐन ऑफिसांच्या गर्दीत, आठव्या मजल्यावर. "हे गाव राहण्यासारखं आहे असं पटवा रे त्यांना," तो आमच्यापुढे काकुळतीला आला.

इथंच घोटाळा झाला. इथं नेमकं काय चांगलं आहे, ते आम्हालाच ठाऊक नव्हतं! सुनीता म्हणाली, "सावली." मी म्हणालो, "खाणं." जोगळेकर म्हणाला, "एमआरटी मेट्रो." नानांनी तिघांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "ते असू दे. काही विकत न घेता माणसानं इथं बसायचं कुठं?"



* * *

इथल्या जुन्या दुकानघरांपुढून पाच फुटांची, वरून झाकलेली वाट जाते. ऊन असो, पाऊस असो, लोक तिच्याखालून टोकापर्यंत चालत जातात. हे नानांना कुणी सांगितलंच नाही! त्यांच्या लेखी ती ज्याची त्याची पडवी. आणि दुसऱ्याच्या पडवीतून न विचारता, चपला घालून कोण जातं?

नऊ वाजता निघालेले नाना दहा मिनिटांत मला कोपऱ्यावर भेटणार होते. अकरा वाजले! शोधत गेलो, तर नाना हातात चपला घेऊन एका फ्रेमवाल्याच्या दारात उभे. आतून चिनी आजीबाई म्हणत होत्या, "कम, कम!" दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेला चहा.

"नाना, हा सार्वजनिक रस्ता आहे!"

नानांनी चपला खाली ठेवल्या. "असं? मग आधीच्या सव्वीस जणांनी 'या' का म्हटलं?"

दुकानं सव्वीस नसून अठरा होती, असं सुनीता म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

* * *

हॉकर सेंटरमध्ये टेबल अडवायचं तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून खुशाल रांगेत जायचं. बसमधल्या सीटवर आपण रुमाल टाकतो, तसंच. एकदा नाना लवकर आले आणि आम्ही पोहोचेपर्यंत त्यांनी काम उरकलं होतं. गावभरची पाकिटं गोळा करून, छत्री आणि एका बँकेच्या ओळखपत्रासकट, ज्यूसवाल्याच्या काउंटरवर जमा!

"फार विसराळू लोक आहेत रे," नाना हळहळले.

मागं हातात गरम सूपचे ट्रे घेतलेली पंधरा-वीस माणसं आपापलं टेबल शोधत गोल गोल फिरत होती. आमच्याबरोबर आलेली जोगळेकरची मुलगी तोंडावर हात ठेवून ओरडली, "आजोबा, कॅनॉट लाइक दॅट लाह!"

शेवटी जो जिथं जागा मिळेल तिथं बसला. चार वर्षं एकाच लिफ्टनं जाणारे दोन साहेब त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. ज्यूसवाल्यानं नानांना विचारलं, "अंकल, टुमॉरो यू कम अगेन?"

तो वैतागला होता की खूश होता, ते आम्हाला कळलं नाही.

* * *

बसायची जागा नानांनी स्वतःच शोधली. इमारतीखालचा मोकळा मजला! बाकं, वारा, आणि कुणी काही विकत नाही. एके दिवशी तिथं मांडव पडलेला दिसला. गोल टेबलं, शेंगदाणे, थंड पेयं. लग्नच की! नाना वर गेले, कोट घालून खाली आले आणि जाऊन बसले.

संध्याकाळी ऑफिसातून परतलेला जोगळेकर बघतो, तर चार म्हाताऱ्यांच्या घोळक्यात नाना सोनेरी कागदाच्या घड्या घालतायत.

"नाना, उठा! हे लग्न नाही, इथं मयत झालंय! हे कागद मेलेल्यासाठी जाळतात!"

"कळलं मला. दोन तास झाले."

"मग उठला का नाहीत?"

नानांनी हातातली घडी नीट दाबली. "लग्नाला आलेला माणूस मधूनच उठतो रे. मयताला आलेला कसा उठेल?"

त्या रात्री जोगळेकरनं मला फोन केला. "हे रमल्याचं लक्षण समजायचं की आईची आठवण येतेय असं समजायचं?" मी म्हणालो, "मला विचारू नकोस." राहण्याबद्दल नाना अजून एक अक्षर बोलले नव्हते.

* * *

शुक्रवार उजाडला. मी आणि सुनीता अर्धी रजा टाकून निरोपाला गेलो. बॅगा खाली, टॅक्सी दारात आणि नाना गायब!

नाना इमारतीमागं सापडले. विमानप्रवासासाठी घातलेल्या कोटासकट गटारापाशी उकिडवे बसले होते. शेजारी गटाराच्या दुरुस्तीला आलेले, जाकीट घातलेले दोन कामगार आणि फॉर्म घेतलेला सुपरवायझर. नानांनी तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी जागच्या जागी उभं!

"सी? स्लोप राँग!" नाना गरजले.

"अंकल, राइट, राइट," सुपरवायझर मान डोलावत लिहू लागला. "वी डू अगेन."

"नाना, टॅक्सी थांबलीय," जोगळेकर कसाबसा म्हणाला. "विमान..."

नानांनी हातानंच त्याला गप्प केलं.

सुपरवायझरनं पान उलटलं. "अंकल, यू स्टे दिस ब्लॉक? हाऊ लाँग यू स्टे?"

जोगळेकरनं माझा दंड घट्ट धरला होता.

नानांनी कोट काढला, घडी करून मुलाच्या हातात दिला आणि सुपरवायझरकडे वळले.

"फर्स्ट यू टेल मी. हाऊ लाँग युवर वर्क?"