काळी की चंदेरी

परक्या दिल्लीत मला आसरा दिला तो साळुंखेकाकांनी. आठवीतूनच शाळा सोडलेल्या मला त्यांनी घरात ठेवून घेतलं. काकांना कॅमेऱ्याच्या जुन्या रशियन वाइड-अँगल लेन्स जमवायचा नाद. मधुमेहाने नजर गेल्यावरही नुसतं बोट फिरवून ते लेन्सचा रंग सांगायचे. चंदेरी लेन्स गुळगुळीत लागते, काळी जरा खरखरीत.

आज काळी हातात धरून म्हणाले, "चंदेरी. बरोबर ना रे?"

मधुमेहाने आता बोटांची जाणही नेली होती.

"बरोबर, काका."

"बघ! म्हातारा म्हणतोस मला!"

माणसाच्या हातून जग असं थोडं थोडं निसटतं, आणि जवळच्याला नुसतं हो म्हणावं लागतं. गेलेलं काही परत येत नाही. आज खरं सांगायला जीभ रेटली नाही, काका. पण यापुढे लेन्स हातात देतानाच रंग सांगत जाईन, तुम्हाला ओळखावाच लागू नये म्हणून. तुमचे उपकार तसेच फेडीन.