थंडीत साठवलेली वीज

ग्वाल्हेरकर मंडळी, छतावर सोलर असेल तर हे वाचा.

हे गेल्यापासून घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मागच्या मे महिन्यात त्या गरमीनं बेशुद्ध पडल्या होत्या. म्हणून यंदा थंडीभर मी हीटर लावलाच नाही. सोलरची उरलेली वीज बिलात जमा होते, ती उन्हाळ्यात एसीला वापरू, असा माझा विचार. सासूबाई दोन रजयांत कुडकुडायच्या आणि मी चिडवायची, “थांबा, मे महिन्यात तुम्हाला शिमला दाखवते.”

आज एप्रिलचं बिल आलं. जमा युनिट शून्य. तशीच बिजली ऑफिसात गेले. बाबूला म्हटलं, “भैया, मेरी पूरी सर्दी कौन खा गया?”

तो हसला नाही. म्हणाला, “अम्माजी, मार्च में साल का खाता बंद हो जाता है. बची यूनिट का पैसा बिल में जुड़ गया.”

पैसे इतके कमी की त्यात एसी आठवडाभरही चालणार नाही.

घरी आले तर सासूबाई घामाघूम. मी एसीचा रिमोट उचलला, तर म्हणाल्या, “आत्ता नको गं, मे महिन्याला ठेव.”

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं त्यांना?