सॉर्ट मेथडला लावलेलं कुलूप

दिग्रसजवळच्या एका कापूस जिनिंग कारखान्याच्या फाटकावर टोकनचा प्रोग्राम चालायचा, तो मी लिहिला होता. ज्याची गाडी आधी आली, तो आधी आत. एवढंच त्याचं काम.

एकदा तांड्यावरची एक म्हातारी कापूस घेऊन आली. टोकन सकाळचं, पण दुपार टळली तरी ती बाहेरच. माझ्या टोकनच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "माह्या मांगच्या चार गाड्या आत गेल्या पोरी. तुह्या कंप्युटरले मी दिसत नाई काय?"

"मावशी, मशीन चुकत नाई," मी म्हटलं. हे आठवलं की आजही स्वतःचाच संताप येतो.

ती गाडीकडे परत गेल्यावर मी कोड उघडला. माझ्या फाइलीत एक अक्षरही बदललेलं नव्हतं. टोकनं वेळेप्रमाणे लावायला मी प्रोग्रामच्या भाषेसोबतच येणारी सॉर्ट ही मेथड, म्हणजे क्रम लावायची तयार आज्ञा, वापरली होती. पण ही भाषा फार मोकळी. कोणीही तिची मूळ मेथड काढून त्याच नावाखाली आपली बसवू शकतो. माझ्या सहकाऱ्याने टोकन छापायच्या त्याच्या फाइलीत नेमकं तेच केलं होतं. सहा ओळी. दोन व्यापाऱ्यांच्या गाड्या दिसल्या की त्या रांगेत सगळ्यांच्या वर.

"काहून केलं असं?"

तो चहा पीत म्हणाला, "मालकानं सांगतलं. तुह्या फाइलले तं मी हातही नाई लावला."

याचाच जास्त राग आला. कोणी तपासायला आलं असतं, तर माझा स्वच्छ कोड वाचून निर्धास्त परत गेलं असतं.

मी त्या ओळी काढल्या आणि म्हातारीला आत घेतलं. "चूक झालती मावशी," म्हटलं.

"चूक नाई. केलं कोणीतरी," ती म्हणाली, आणि गाडी हाकली.

मग मी सगळ्यांत आधी चालणारी एक फाइल लिहिली. तिनं भाषेच्या साऱ्या मूळ मेथड गोठवून टाकल्या. कोणी बदलायला गेलं की प्रोग्राम जागीच थांबणार आणि ज्या फाइलीतून बदल केला तिचं नाव फाटकावरच्या पडद्यावर येणार. दुसऱ्याच दिवशी सहकाऱ्याने त्या ओळी परत घातल्या. प्रोग्राम थांबला, आणि रांगेतल्या लोकांसमोर त्याच्या फाइलीचं नाव झळकलं.

मालकानं बोलावलं. "ते कुलूप काढ."

"नाई काढत."

त्यानं मलाच काढलं, प्रोग्रामही बंद केला. आता तिथं चौकीदार हातानं गाड्या सोडतो आणि लोक त्याच्याशी तोंडावर भांडतात. भांडू देत.