इराच्या पलंगाची पाठ

दादाचा फोन आला तेव्हा मी इराच्या पलंगावरची चादर बदलत होते. "गेली," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "इरा उठली का?" मी नाही म्हटलं. आम्ही भावंडं मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे फोन तिथेच संपला. घरात बोलणारी एकच होती, ती रेश्मा वहिनी… दादाची बायको, इराची आई. तिला जाऊन आता दीड महिना होईल. तिच्याबद्दल लिही, असं तिच्या मैत्रिणीने सुचवलं तेव्हा मी आधी टाळलं. माणसाबद्दल एकदम लिहिणं मला जमत नाही, हाताशी एखादी वस्तू लागते. म्हणून त्या पलंगाबद्दल लिहिते.

वहिनी उरणची, कोळ्यांच्या घरातली. तिचे बाबा अजून जाळी दुरुस्त करतात. आमचं घर पुण्याहून नवीन पनवेलला आलेलं, सगळे नोकरदार. तिच्या आईशी फोनवर कोळी बोलीतलं 'हाय', 'नाय' मोकळेपणाने चालायचं, पण आमच्यापैकी कोणी खोलीत आलं की तिचं वाक्य मध्येच सरळ व्हायचं. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी कधी काही बोलले नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मीही मराठी जपूनच वापरते, तेव्हा दुसऱ्याचं जपणं लगेच ओळखू येतं.

तिच्या आजाराचं कळलं तेव्हा इरा साडेचार वर्षांची होती आणि आईच्या पाठीला पाठ लावल्याशिवाय झोपत नव्हती. तिला वेगळी खोली होती, पलंगही होता, पण तिथे ती उशाकडच्या भिंतीकडे पाठ करून आडवी व्हायची, पाठ भिंतीला लागली की उठून यायची. "भिंत गार आहे," एवढंच कारण. वहिनीला उपचारांसाठी वरचेवर दवाखान्यात राहावं लागणार होतं. दादा म्हणाला, "तेव्हा इरा माझ्याजवळ झोपेल." "तुझ्या घोरण्याने बिल्डिंग उठते, ती काय झोपणार," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सानिका, आपण तिच्या पलंगाला गुबगुबीत पाठ करू. दवाखान्यात जायच्या आधी मला ती तिथे झोपलेली बघायचीय."

तयार हेडबोर्ड ऑनलाइन मिळतात, हे मी फोनवर दाखवलं. तिने ते एकेक बघितले, प्रत्येकाला नाव ठेवलं आणि उठून चपला घातल्या. सुकापूरच्या एका दुकानातून प्लायवूड मापात कापून आणि बटणांच्या जागी भोकं पाडून आणलं, जाड फोम आणला. पिवळं कापड इराने निवडलं. हॉलमध्ये जमिनीवर सगळं पसरून आम्ही फोम चिकटवला. त्यावर कापड टाकून ते मागच्या बाजूला ओढून धरायचं काम माझं, स्टेपल गनने पिना मारायचं तिचं. "ओढ की जोरात. कापड आहे ते, आईंचा पदर नाही," ती म्हणायची. आई म्हणजे माझी आई, तिची सासू. एक बाजू झाल्यावर तिने गन माझ्याकडे सरकवली. कापड ओढायचं तिने घेतलं. गनचा खटका दाबायला जोर लागतो. उरलेल्या पिना मी मारल्या.

शेवटी बटणं लावायची होती. दाभणाने दोरा फोममधून आरपार काढून मागे बांधायचा, म्हणजे बटण आत रुततं. व्हिडिओत सांगितलं होतं की आधी सरकणारी गाठ मारा, सगळी बटणं एका पातळीला आणा, मग पक्की करा. मी तो भाग पुन्हा लावूनही दाखवला. पण वहिनीने बाबांकडून जाळ्याचा नायलॉन दोरा आणला होता, आणि तो हातात आला की तिच्या बोटांना एकच गाठ माहीत होती. जाळ्याची गाठ सरकत नाही, सरकली तर मासा जातो. पहिलं बटण तिने सगळा जोर लावून बांधलं, ते खोल गेलं. पुढची बटणं दमत दमत बांधली, ती वरवर राहिली. मग सारखं करायला गेलो तर एकही गाठ जागची हलेना… सैल होईना, घट्टही होईना. "कापून परत बांधू या?" मी विचारलं. "दोरा संपला," ती म्हणाली. दोऱ्याचं रीळ तिच्या मांडीवर होतं. ते माझ्या नजरेस पडलेलं बघून ती हसायला लागली. "राहू दे गं. एक बटण कोळ्यांचं, बाकीची तुमची."

त्यानंतर रोज जेवणं झाली की वहिनी आणि इरा त्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आतून वहिनीचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. काही दिवसांनी तिने दार किलकिलं करून मला हाक मारली. इरा पिवळ्या कापडाला पाठ लावून झोपली होती. "बघ," वहिनी म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली. नंतर घरी आली, पुन्हा गेली… इरा तिथेच झोपत राहिली.

वहिनी गेल्यावर मात्र पुन्हा सगळं बिनसलं. इरा कधी माझ्या आईजवळ, कधी दादाजवळ झोपायची, मध्येच उठून बसायची. वहिनीने एवढं करून ठेवलेलं आपल्याकडून टिकणार नाही, असं मला वाटत होतं. मला गोष्टी सांगता येत नाहीत. गेल्या आठवड्यात ती आपणहून खोलीत गेली आणि मला बोलावलं. मी पुस्तक घेतलं. "पुस्तक नको, बस," ती म्हणाली. मी बसले. तिने आडवं होऊन पाठ टेकवली आणि ती माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "झोप गो आता. मी हाय ना इथं."

बंद दारामागे कोणती भाषा चालायची, ते मला तेव्हा कळलं. वहिनीने ती आमच्याशी कधी वापरली नाही. वापरू नको असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. वापर, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

"आता तू बोल," इरा म्हणाली.

"काय बोलू?"

"बरं गो, झोपते, असं."

मी म्हटलं. "असं नाय," ती म्हणाली, आणि कसं ते म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हटलं. या वेळी बरोबर आलं असावं, कारण तिने डोळे मिटले आणि माझ्या गुडघ्यावरचा तिचा हात हळूहळू थांबला.