सिर्जनाचं नाव शाळेत घालताना

शुक्रवारच्या गाडीनं लोकेंद्र आपल्या पोरीला नेपाळला परत पाठवणार, हे विमलाबाईंना सोमवारी सकाळी कळलं. त्या दूध आणायला खाली उतरल्या होत्या. दूध राहिलं बाजूला. पिशवी तशीच हातात धरून त्या गेटजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "परत सांग. काय म्हणालास?"

लोकेंद्र म्हणजे शाहूपुरीतल्या त्यांच्या अपार्टमेंटचा वॉचमन. नोकरीसाठी आपला देश सोडून, बायको आणि दोन लहान लेकरं घेऊन चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात आलेला. जिन्याखालच्या खोलीत चौघांचा संसार. अख्खी बिल्डिंग त्याला बहादूर म्हणते. नेपाळी म्हटलं की बहादूर, मग आईबापानं ठेवलेल्या नावाचं काय लोणचं घालायचंय? विमलाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी नाव विचारून घेतलं होतं. अडतीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, वय एकाहत्तर. हजेरीत माणसाचं नाव चुकलेलं त्यांना आजही खपत नाही, आणि जे खपत नाही ते पोटात ठेवायची सवय त्यांना कधीच नव्हती.

"शाळेत घेत न्हाईत, बाई," लोकेंद्र म्हणाला. कोल्हापुरी त्याच्या तोंडात आता चांगली बसली होती. "दोनदा गेलतो. जन्माचा दाखला मागत्यात. आधार मागत्यात. आमच्याकडं कुठलं आधार? दाखला काढायला मलाच गावी जायला पायजे. चार दिवस जायला, चार दिवस यायला. तोवर इथं दुसरा माणूस बसंल."

पोरगी सिर्जना. साडेसहा वर्षांची, पार्किंगमधल्या गाड्यांच्या नंबरांवरून आकडे शिकलेली. मागचं वर्ष असंच गेलं होतं. हेही जाणार. म्हणून गावचा एक माणूस शुक्रवारी निघालाय, त्याच्याबरोबर तिला धाडायची. तिथं आजीजवळ राहील. तिथल्या शाळेत सगळे ओळखीचे, कागद कुणी मागत नाही.

"आणि तिची आई?"

"रडती," लोकेंद्र म्हणाला आणि गेट उघडायला गेला, कारण सेक्रेटरींची गाडी आली होती.

सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे अमरसिंह. काच खाली करून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "काकू, तुमी कशाला पडताय यात? परदेशी माणसं ती. उद्या काय लफडं झालं तर सोसायटीच्या गळ्यात."

झालं. ह्याच अमरसिंहाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी बायको आणि पोर घेऊन नोकरीसाठी कॅनडाला गेला. नातीला तिथं दोन दिवसांत शाळेत घेतलं, पुस्तकं फुकट दिली, ही कथा त्यांनी गणपतीच्या आरतीला, कोजागिरीला आणि लिफ्टमध्ये मिळून किमान दहा वेळा सांगितली होती.

"व्हय रं," विमलाबाई म्हणाल्या, आणि राग आला की त्यांची शाळेतली भाषा अशीच गावाकडं पळायची, "तुझा पोरगा तिथं कोण हाय? कॅनडाचा पाटील हाय? त्याच्या लेकीला घेतली तर लई भारी, आणि हिचं नाव काढलं की लफडं?"

अमरसिंहांनी काच वर केली.

मंगळवारी दहा वाजता विमलाबाई रिक्षा करून शाळेत गेल्या. लोकेंद्रला गेट सोडता येत नव्हतं, म्हणून सिर्जना आणि तिची आई बरोबर होती. आई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. रस्ताभर विमलाबाई एकट्याच बोलत होत्या, म्हणजे भांडत होत्या. भिंतीवर पाट्या लावतात, प्रत्येक मूल शाळेत आलंच पाहिजे. मास्तर जूनमध्ये पोरं शोधत गल्ल्या हिंडतात, पट कमी पडतो म्हणून वर्ग बंद पडतात. आणि दारात चालत आलेली पोर परत पाठवायची. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला नाकारू नये असा कायदा आहे, तो काय बस्कर म्हणून अंथरायला केलाय?

हेडमास्तर बाळासो विमलाबाईंचा जुना विद्यार्थी. हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यात त्यांची पहिली नोकरी, आणि तो त्यांच्या पहिल्या वर्गातला. खुर्चीतून उठून पाया पडला. चहा सांगितला.

"चहा नको. हिचं नाव घाल."

बाळासोनं पोरीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि कपाळ चोळलं. "बाई, माझ्या हातात असतं तर दोनदा परत पाठवलं असतं का? आधार नसलं की कॉम्प्युटर नोंद घेत नाही. नोंद नाही म्हणजे तिला पटात धरत नाहीत. वरून विचारणा झाली तर मी काय दाखवू? निदान जन्माचा दाखला तरी."

"जनरल रजिस्टर आहे ना अजून शाळेत? का तेही कॉम्प्युटरनं गिळलं? त्यात लिही. पोर वर्गात बसू दे. कॉम्प्युटरचं नंतर बघ."

"लिहू काय? जन्मतारखेच्या रकान्यात काय घालू?"

तेव्हा विमलाबाईंचा आवाज चढला. शेजारच्या वर्गातली पाढ्यांची ओरड थांबली इतका.

"तुझ्या रकान्यात काय घातलं होतं? तुझ्या आईला, बयाबाईला, मी तारीख विचारली. ती म्हणाली, भुईमूग काढत हुतो तवा झाला. भुईमूग काढत होती, ही तारीख असते होय? मी सहा वर्षं मोजली आणि लिहिलं एक जून. त्या वर्षी वर्गातल्या एकवीस पोरांची तारीख एक जून लिहिली मी. आख्ख्या जिल्ह्यात माझ्या वयाच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो, माझासुद्धा. कुणी दाखला मागितला होता? मागितला असता तर आज म्हसरं वळत असतास तू."

बाळासोनं समोरची फाईल बाजूला सारली. मग बोलला तेव्हा त्याचाही आवाज सरळ नव्हता.

"भुईमूग ऑक्टोबरात निघतो, बाई. तुम्ही जून लिहिला. म्हणून पुढच्या मे अखेर मला घरी बसवणार, पाच महिने आधी. दोन वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या तारीख दुरुस्त करायला. म्हणाले, शाळेच्या दाखल्यावर आहे तीच खरी. तुमच्या त्या एका ओळीपायी. आता सांगा, कागद मागतो तर माझं काय चुकलं?"

हे विमलाबाईंना ठाऊक नव्हतं. बाण वर्मी लागला. पण माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पाच महिने खाल्ले मी तुझे. त्याच्या बदल्यात नोकरी मिळाली की न्हाई? हिला शुक्रवारी आईपासून तोडून धाडणार आहेत. चार-चार दिवसांच्या वाटेवर. तुझे पाच महिने मोठे, का हिची आई?"

बाळासोनं कपाट उघडलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर टेबलावर ठेवलं, टोपण काढलं आणि एक सुस्कारा सोडला. "होईल ते होईल. सांगा. मुलीचं नाव सिर्जना. वडील लोकेंद्र. आईचं नाव?"

विमलाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. चार वर्षं झाली, ही बाई त्यांच्याकडं भांडी घासत होती. तिला त्या अगं म्हणत, नाहीतर लोकेंद्रची बायको.

"पवित्रा," मागून आवाज आला.

"जन्मतारीख," विमलाबाई घाईनं म्हणाल्या, "एक जून लिही. साल मी मोजून सांगते."

"नको," पवित्रा म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. तिचा पदर खांद्यावर आला होता.

"जूनमधी न्हाय झाली ती. आमच्या नेपाळी पंच्याहत्तर सालातली हाय. मंसिर म्हैना, नऊ तारीख. थंडी लई हुती. उजाडायला वाईच येळ हुता तवा झाली."

बाळासोनं मोबाईल काढला, नेपाळी कॅलेंडर शोधून बोटानं खालीवर केलं, चष्मा वर सारून पुन्हा बघितलं. "पंचवीस नोव्हेंबर दोन हजार अठरा," तो म्हणाला. "रविवार."

"मग इतके दिवस दातखीळ बसली होती का?" विमलाबाई कडाडल्या. "तारीख पाठ आहे, वेळ पाठ आहे, आणि पोरीला परत पाठवायला निघाली होतीस. सांगायचं नाही?"

पवित्रा घाबरली नाही. तिलाही राग आला होता, आणि तो बऱ्याच दिवसांचा असावा.

"तुमी समदी कागूद मागत हुता, बाई. कवा झाली, हे कुणी इचारलं मला?"

सिर्जना टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून रजिस्टरातले आकडे वाचत होती. विमलाबाईंना संताप आला, आणि तो काढायला समोर कुणी सापडेना. काल सकाळपासून त्या वॉचमनशी बोलल्या होत्या, सेक्रेटरीशी भांडल्या होत्या, रिक्षात सरकारला शिव्या घातल्या होत्या. पोरीची आई त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

बाळासोनं पेन कागदावर टेकवला आणि जुन्या सवयीनं त्यांच्याकडं बघितलं. "बाई, लिहू हीच तारीख?"

"मला काय विचारतोस," विमलाबाई म्हणाल्या. "तिला विचार."