खिशातले खडे

जन्मभर गोल्फ खेळून आणि शिकवून मी घर चालवलं. उज्जैनात हे सांगितलं की लोक अजूनही आधी हसतात आणि मग विचारतात, "वो तो ठीक, पण काम काय करत होतात?" आमच्याकडे हेच काम तिसऱ्या पिढीचं. आजोबांनी संस्थानच्या अंमलदारांसाठी गावाबाहेर गोल्फचं मैदान राखलं, बाबांनी त्याच अंमलदारांना खेळायला शिकवलं.

आमच्या मैदानावर गवत टिकत नसे. जिथे चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा, तिथे जळक्या तेलात कालवलेली वाळू पसरलेली असे. तिच्यावर पावलं उमटत. म्हणून फटक्याआधी बाबा पुढे होऊन चेंडूची वाट पायाने सारखी करून देत. तो आमचा रिवाजच होता. त्या तेलाचे डाग मात्र आईच्या डोक्यात जात.

संस्थान विलीन झालं, पुढे मध्य भारत हे राज्यही मोडून नवं राज्य झालं. उरलेसुरले अंमलदार नव्या राजधानीत, भोपाळला गेले, मैदानात गुरं चरू लागली आणि बाबांचं काम संपलं. तेवढ्यात दूरच्या एका क्लबच्या स्पर्धेची खबर आली. जिंकेल त्याला तिथेच शिक्षक म्हणून ठेवणार होते. हरलो, तर माधव नगरच्या एका कचेरीत मामा मला चिकटवून देणार होता.

आई म्हणाली, "जाऊन ये रे, फिकर नको करू. कचेरी कुठे पळून जाते?"

मला तीच तर धास्ती होती.

काठ्यांची बॅग उचलायला बाबा बरोबर आले. तिथे सगळीकडे हिरवंगार, गालिच्यासारखं गवत. तरी शेवटच्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होतो. दोनच भोकं उरली असताना बाबा सवयीने पुढे झाले आणि माझ्या चेंडूची वाट बुटाने झकास पुसून मोकळे झाले. पंच धावत आले. गवतावर वाटेला पाय लावायचा नसतो. दोन फटके दंड! आघाडी गेली. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला त्यांचा राग आला नाही, पण जे फिदीफिदी हसले त्यांचा आला.

शेवटच्या भोकाला माझा चेंडू गवत ओलांडून पलीकडच्या उघड्या, टणक जमिनीवर थांबला. एका फटक्यात भोकात गेला, तर मी जिंकणार होतो. बाबा हात मागे बांधून लांब उभे होते.

"बाबा, पुसायचं नाही," मी म्हटलं, "पण खडे उचलता येतात."

त्यांनी तरी पंचांना विचारून घेतलं, "साहब, कंकर उठा लूँ?"

पंचांनी मान डोलावली. बाबा गुडघ्यांवर बसले आणि एकेक खडा वेचून कोटाच्या खिशात टाकू लागले.

अशा ठिकाणाहून चेंडू उंच उडवून मारतात. मी सरळ ढकलायची काठी घेतली. पुन्हा हशा. हसा लेको, म्हटलं, ही जमीन आमच्या ओळखीची आहे. चेंडू टणक मातीवरून पळत गवतावर चढला आणि नाकासमोर चालत भोकात पडला. जिंकलो! मी काठी फेकली आणि बाबांना मिठी मारली.

घरी येताना कप मांडीवर घेऊन टांगा मुद्दाम टावर चौकातून घ्यायला लावला. सगळ्या फ्रीगंज पेठेने पाहावं, अशीच माझी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी आईने धुवायला बाबांचा कोट झटकला, तर अंगणभर खडे.

"अहो, पोराने कप आणला. तुम्ही हे काय आणलंत?"

बाबा खाली बसून खडे गोळा करू लागले. "कप त्याचा," ते म्हणाले, "हे माझे."